बाटलीतला समुद्र

बाळांनो, रत्नागिरीत सगळ्यांत जास्त काय आवडलं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. मध्येच आवाज तुटला, म्हणून लिहून कळवते.

राजवाडा, दीपगृह, मत्स्यालय सगळं नीट पाहिलं. पण आठवते ती अमरावतीहून आमच्याच बसने आलेली, दर्यापूरकडची एक शेतकरी बाई. नाव विचारायचं राहून गेलं. अंथरुणाला खिळलेल्या तिच्या सासूला एकदा समुद्राचं पाणी पायांवर घ्यायचं होतं. त्यासाठी ही घरून रिकामी बाटली घेऊन आली होती.

आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं आणि बस निघायला आलेली. तिनं चपला माझ्या हातात दिल्या, साडी खोचली आणि ओल्या वाळूतून चालू लागली. आधी हळदकुंकू आणि घरच्या कापसाची बोंडं वाहून तिनं समुद्राची ओटी भरली, मगच बाटली बुडवली.

परतल्यावर ड्रायव्हर हसला, "मावशी, खारं पानी काहून नेऊन राहिल्या? तुमच्या गावच्या विहिरी काय कमी खाऱ्या हायेत?"

"घरचंच देलं असतं त बुढीले समजलं नसतं रे," पाय पुसत ती म्हणाली, "पन मले समजलं असतं ना!"

ड्रायव्हरनं बाटलीसाठी स्वतःजवळ जागा केली.

चपला सांभाळल्या म्हणून तिनं उरलेलं एक बोंड मला दिलं. ते आपल्या देवघरात अजून आहे.