कणकेचं बाळ

काकूंवर जादूटोण्याचा आळ गल्लीने नाही, मी घेतला.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या पत्नी. काका गेल्यापासून बड्या गणपतीजवळच्या आमच्या घरात, खालच्या खोलीत एकट्याच राहतात. माझे वडील पंचकाच्या अशुभ दिवसांत गेले तेव्हा, घरातली आणखी माणसं पाठोपाठ जाऊ नयेत म्हणून, गुरुजींनी कणकेचे पाच पुतळे केले. मंत्र म्हणून त्यांना माणसं मानलं आणि मी ते चितेवर ठेवले. त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

महिन्याभराने काकूंना भाजी द्यायला गेलो. पाटावर कणकेचं बाळ निजवलेलं, डोळ्यांच्या जागी दोन उडीद. काकू त्याला दूध पाजल्यासारखं करत होत्या, हाक मारत होत्या. मला पाहून त्यांनी त्यावर पदर टाकला. "काही नाही रे बेटा, तू जा."

माझी मुलगी आठवडाभर तापाने फणफणत होती. मी शेजारणीला जे पाहिलं ते सांगितलं, आणि जे पाहिलं नव्हतं तेही.

"भिया, मला तर पहिल्यापासूनच शक होता," मला भाऊ मानणारी ती म्हणाली.

ताप टायफॉइडचा निघाला, औषधाने उतरला. पण शेजारणीकडे जमणाऱ्या भजनी मंडळाने काकूंना बोलावणं बंद केलं. मंगळवारचं ते भजन सोडलं तर त्या कुठेच जात नसत. मला सगळं दिसत होतं. रोज ऑफिसातून येताना वाटायचं, आज बोलू. तीन वर्षं गेली.

शेवटी एका दुपारी विचारलं, ते बाळ कोणाचं होतं.

"माझं. दहा दिवसांचा होऊन गेला. पुरला त्याला. गुरुजी म्हणाले, एवढ्याशाचं श्राद्ध नसतं. मग वर्षातून एकदा मीच करते त्याला, संध्याकाळी गाईला घालते." आणि म्हणाल्या, "तुझ्या पुतळ्यांना मंत्र होते बाबा. माझ्याकडे कुठले?"

पुढच्या मंगळवारी काकूंना घेऊन शेजारणीकडे गेलो. टाळ थांबले. बायका पदर सावरून बघत राहिल्या. बोलायचं म्हणून पाठ केलेलं काहीच आठवेना.

"काकू," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्ही कोणाचं काही वाईट केलं नव्हतं. मी खोटं सांगितलं, आणि ताप टायफॉइडचा आहे हे कळल्यावरही गप्प बसलो. मला माफ करा."