तीन कारणांचं पत्र

सकाळी उठल्या उठल्या आईला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या आणि मग चहा टाकायचा, हा मावशीचा दोन वर्षांचा क्रम. मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, घरी बसून शिंप्याच्या शर्टांना काजं करून देणारी ही बाई राहून गेलेली बारावी पुरी करायला दुपारच्या वर्गात बसली आणि तिथल्या विशीतल्या पोरींनी पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकलं. तिनेही हरकत घेतली नाही. ताई म्हणवून घ्यायचं वय गेलं, आजी म्हणाल्या नाहीत हेच खूप, असं ती म्हणायची.

त्या सकाळी चहाला आधण आलं आणि दारावर थाप पडली.

"आला का गं?" आतून आईने विचारलं.

दार वाजलं की ती हेच विचारायची. दूधवाला असो, शेजारीण असो. "आला" म्हणजे दादा, मावशीचा थोरला भाऊ. तो दूरच्या शहरात नोकरीला होता, अडीच वर्षं घरी फिरकला नव्हता.

"नाही गं, बघते कोण आहे ते."

"कामात असेल," आई म्हणाली.

दारात दोन माणसं एक लोखंडी पलंग घेऊन उभी होती. पायाशी हँडल, ते फिरवलं की उशाकडची बाजू वर होणारा.

"कुठे लावू, बाई? लवकर सांगा, खाली गाडी उभी आहे."

"अहो, पण पाठवला कुणी?"

माणसाने कागद पुढे केला. दादाचं नाव होतं. मावशीने सही केली, तोवर चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. ती पुसता पुसता तिच्या मनात आलं, पत्र पोचलं म्हणायचं.

त्या पत्राची गोष्ट अशी. वर्गात भाषेच्या बाई होत्या. मावशीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण शिकवताना जीव ओतायच्या. आधी एक कथा शिकवली. त्यात एक म्हातारी परगावच्या मुलाला लिहिते, 'इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.' बाईंनी विचारलं, म्हातारीला काय म्हणायचंय? एक पोर म्हणाली, ती समाधानी आहे. दुसरी म्हणाली, ती स्वाभिमानी आहे. मावशी मागच्या बाकावरून म्हणाली, "ये म्हणतेय."

बाई खूश झाल्या. "कसं ओळखलंत?"

"उलटं करून बघितलं. शर्टाचंही तसंच असतं, वरून सगळे सारखेच. आतली शिवण बघितली की कळतं कुठे ओढलंय ते."

पुढच्या आठवड्यात बाईंनी पटवून देणारं पत्र लिहायला दिलं. "समोरच्याला पटवायचं तर रडगाणं गायचं नाही," त्या म्हणाल्या. "कारणं द्या. ठोस द्या. नाकारता येणार नाहीत अशी." एकीने वडिलांकडे स्कूटर मागितली. कारण एक, बस वेळेवर येत नाही. कारण दोन, मी वेळेवर येत नाही. वर्ग हसून लोळला.

मावशीने दादाला पत्र लिहिलं. चार पानं झाली. बाईंनी पेन घेऊन त्याची दीड पानं केली. तीन कारणं उरली. एक, आईला एकटीने उचलताना माझी कंबर धरते. दोन, मी वर्गाला किंवा कपडे पोचवायला गेले की तिच्याजवळ कुणी नसतं. तीन, तिने अडीच वर्षांत तुझा चेहरा पाहिलेला नाही. तेव्हा तू आठ दिवस येऊन जावंस. शेवटी आणखी एक परिच्छेद होता. दार वाजलं की आई काय विचारते, आणि मी नाही म्हटलं की स्वतःच काय उत्तर देते, असा. त्यावर बाईंनी आडवी रेघ मारली. समासात लिहिलं, 'हे कारण नव्हे. काढावे.'

मावशीला ते पटलं. दिवसभर कात्री घेऊन सुटे धागे कापणाऱ्या बाईला जास्तीचं काढून टाकायला कुणी शिकवावं लागत नाही. दहापैकी नऊ मार्क मिळाले. "हे खरंच पाठवा हो," बाई आपुलकीने म्हणाल्या. मावशीने एक प्रत करून पाठवली, मूळ पत्र बाईंकडेच राहिलं.

पलंगानंतर दोन दिवसांनी पुन्हा दार वाजलं. "आला का गं?" या वेळी आयाबाई होती. दादाने ठरवून दिलेली, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बाई गुणी होती, आईची वेणी तिने अशी घातली की आई आरशात बघून लाजली. पुढच्या सोमवारी दादाने मोठ्या पडद्याचा फोन पाठवला. समोरच्याचा चेहरा दिसणारा.

आयाबाईने तो आईसमोर धरला. दादा ऑफिसच्या व्हरांड्यात उभा होता, मागून माणसं येत-जात होती.

"आई, दिसतोय का मी?"

आई बराच वेळ बघत राहिली. मग मावशीकडे वळली. "उभा का गं तो? बस म्हणावं त्याला. दमून आलाय."

दादा हसला. "अगं आई, मी इथे कामावर आहे."

"हो रे, पण टेक की घटकाभर."

तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. पडदा काळा झाला. आईने विचारलं, "गेला का?"

"हं," मावशी म्हणाली.

"बसलाही नाही."

त्यानंतर दार वाजलं तरी आई काही विचारायची नाही. दूधवाला आला, शेजारीण आली, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिच्या हिशोबी तो येऊन गेला होता. मावशीने दोनदा समजावून सांगितलं, अगं तो फोन होता. आईने ऐकून घेतलं.

फोन आल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी आई गेली. मावशी पलंगाशीच बसून एका शर्टाचं चौथं काज करत होती. दोरा संपला म्हणून वर बघितलं, तर आई गेलेली.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. आठ दिवस राहिला. निघायच्या आदल्या दिवशी तो त्या पलंगाच्या कडेला बसून पायाशी असलेलं हँडल उगाच फिरवत होता. उशाकडची बाजू वर होत होती, खाली होत होती.

"मी काही कमी केलं का गं?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"तुझं पत्र समोर ठेवलं होतं. एकेक कारण मिटवत गेलो. तिसरं मिटलं तेव्हा मला वाटलं, चला, आता माझ्यावाचून अडत नाही." त्याने हँडल सोडलं. "अडतंय असं तरी लिहायचंस, वेडे."

काढून टाकलेल्या परिच्छेदाबद्दल मावशी त्याला काही बोलली नाही. ते ओझं त्याच्या डोक्यावर आणखी कशाला द्यायचं? त्याला डबा भरून देताना तिला वर्गातल्या कथेतली म्हातारी आठवली. तिने मुलाला एकही कारण दिलं नव्हतं. आणि आपण सगळं इतकं नीट लिहिलं, की दादाला उलटं करून बघायची गरजच पडली नाही.

महिन्याने ती पुस्तकं परत करायला शाळेत गेली. परीक्षा देण्याइतकं मन राहिलं नव्हतं. भाषेच्या बाई उठून जवळ आल्या, तिचे हात हातात घेतले, त्यांचेही डोळे भरले. पत्राचं पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. बोलता बोलता त्यांनी कपाटातून एक पान काढलं. मावशीच्याच अक्षरातलं, वरून प्लास्टिक चढवलेलं.

"सोमवारपासून नवा वर्ग सुरू होतोय. पहिल्याच दिवशी त्यांना हे वाचून दाखवणार आहे. इतकं बांधीव पत्र मला आजवर कुणी लिहून दिलं नाही, मावशी."

मावशीने पान हातात घेतलं, पाहिलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"बाई, एक मागते," ती म्हणाली. "हे पत्र मुलींना वाचून दाखवू नका."