खळ्यावर पडलेली चकती

मला गुण द्यायची खोड आहे. लग्नाच्या पंगतीतल्या वरणालाही मी मनातल्या मनात गुण देतो, आणि बायको म्हणते, "तुमच्या पानात वाढणारा बिचारा परीक्षेलाच बसतो!" म्हणूनच असेल, डिस्क गोल्फच्या स्पर्धेसाठी मैदान ठरवायची वेळ आली तेव्हा आमच्या क्रीडा मंडळाने मलाच पाठवलं.

खेळ साधा. चकती फेकून लांबच्या टोपलीत घालायची. कमी फेकींत ज्याने घातली तो जिंकला. उधव्याचं नवं मैदान पाहून मी दहापैकी आठ देऊन आलो होतो. मग कैनाडला गेलो. तिथलं मैदान जुनं, वाकडंतिकडं, खांबांना बांबूच्या टोपल्या टांगलेल्या. सहा, फार तर.

मैदान सांभाळणाऱ्या वहिनी बरोबर चालत होत्या. म्हणाल्या, "जमीन दिरांची. स्पर्धा हितं नाय झाली तर ते चिकूची रोपं लावणार. खड्डे मारायला माणसं सांगून ठेवलीत."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याला गुण कसे द्यायचे? गावाने हा खेळ किती हौसेने जपला, ते मैदानाच्या गुणांत धरायचं का? सासरा प्रेमळ म्हणून त्याच्या शेताला सुपीक म्हणायचं का? मला खरंच उत्तर हवं होतं.

याच विचारात मी पाचव्या टोपलीकडे चकती फेकली. ती वाऱ्याने वळली आणि थेट खळ्यावर, भात झोडणाऱ्या बायकांत पडली. सगळ्या हसल्या.

"शिक्षा!" वहिनी म्हणाल्या. दुसरीकडे अशा वेळी एक फेक जास्त मोजतात. इथे तसं नाही. चकती खळ्यावर पडली की चप्पल काढून आत जायचं आणि एक भारा झोडायचा, मगच पुढचा खेळ. पहिल्यापासून असंच चालत आलंय.

मी झोडायला लागलो. एक म्हातारी म्हणाली, "सायेब, भात झोडता का डास मारता?"

भारा संपला तेव्हा दंड भरून आले होते. पुढची चकती हातातून निसटली आणि टोपलीच्या पार पलीकडे गेली. मी थबकलोच. म्हणजे गावची रीत खेळाबाहेरची नव्हतीच! ती माझ्या दंडात शिरून खेळत होती. असा अवघड टप्पा उधव्याला नव्हता. याचा गुण मी बिनदिक्कत देऊ शकत होतो.

"आमच्या मैदानाला किती गुण झाले?" वहिनींनी विचारलं.

"सात. उधव्याला आठ आहेत."

दीर बांधावर उभे राहून आमच्याकडेच बघत होते. मग वहिनींनी माझी चकती उचलून आणली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"एकानंच कमी ना? मग टाका परत. भारे अजून हायेत."

मी फेकायच्या आधीच चप्पल काढली.