तलवाड्यातली चादर

जनरेटरच्या डिझेलचा वास आला की तलवाड्यातली ती संध्याकाळ आठवते. एकाही थिएटरनं न घेतलेला माझा पहिला सिनेमा मी देवळासमोर पांढरी चादर बांधून दाखवत होतो. त्यातली नायिका गावातलीच होती. शूटिंग संपल्यावर ती ऊसतोडीला गेली आणि तिकडंच ट्रॅक्टर उलटून वारली. चादरीवर ती हसली, तशी पुढं बसलेली तिची आई उठली आणि लेकीच्या गालाला हात लावायला गेली. गाल तिच्या सुरकुतल्या हातावरच उमटला. “थांबीव की बाबा तिला, लई घाईनं चाललीय,” ती मला म्हणाली. मी चित्र थांबवलं. ती बघत राहिली, मग हळूच म्हणाली, “आता घरी धाड तिला.” लोक अजून विचारतात, नवा सिनेमा कधी? कॅमेरा मी केव्हाच विकून टाकलाय.