साडेसहा अंश आणि दोन कागदी कप

हातात एक आकडा आहे एवढ्याच बळावर तुम्ही कधी कोणाला चोर ठरवलं आहे का? मी ठरवलं आहे. डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये, मागच्या सत्रात.

प्रयोग साधा होता. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओतायचं आणि तापमान किती चढतं ते लिहायचं. मग तेच व्हिनेगरमधल्या ॲसिडवर करायचं, आणि जास्त उष्णता कशातून सुटते ते सांगायचं. आमच्याकडे याची एक रीत होती. प्रयोग आपण करायचा, आकडे मात्र सीनियरच्या जर्नलमधून घ्यायचे. त्याने ते त्याच्या सीनियरकडून घेतलेले असत. पहिल्या ॲसिडला साडेसहा अंश, दुसऱ्याला जरा कमी. दरवर्षी तेच.

मी नाही म्हणाले. माझे वडील कामगारांसाठी पत्रकं काढतात आणि शीळफाट्याला उभं राहून वाटतात. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे गिरवले. दिसलं तेच लिहायचं, हे घरातच अंगात भिनलेलं. माझ्या बीकरमध्ये पारा पाचच अंश चढला. पुन्हा केलं. पुन्हा पाच.

"अगं, साडेसहा लिही, सही घे आणि चल ना," पार्टनर म्हणाली. "क्रांती उद्या कर. मला भूक लागलीये."

"ॲसिडमध्ये पाणी घातलंय," मी म्हणाले.

द्रावणं बनवायचं काम लॅबमधल्या मामांचं. ते मूळचे ठाण्याजवळच्या बाळकुमचे. जमिनीवर इमारती उठल्या, त्यांच्या वाट्याला फार काही आलं नाही, आणि ते वर्षावर्षाच्या करारावर इथे लागले. मी त्यांना काहीच विचारलं नाही. घरी जाऊन पत्रक लिहून काढलं, 'विद्यार्थ्यांनो, तुमच्या ॲसिडमध्ये लॅबमधलं कोण पाणी मिसळतं?' सकाळी ते नोटीस बोर्डावर होतं आणि दुपारपर्यंत त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला बोलावलं. टेबलावर टपरीवरचे दोन कागदी कप होते, एकात एक घातलेले, वर पुठ्ठ्याचं झाकण.

"बाय, पत्रक झकास लिहिलंस. शुद्धलेखनाची एक चूक नाय," ते म्हणाले. "आता यात करून बघ. माझं पाणी घातलेलंच ॲसिड घे."

बाटली तीच होती. बॅच भोवती जमली. पारा चढत साडेसहावर थांबला. व्हिनेगरच्या ॲसिडचा त्याहून किंचित खाली.

"आता बीकरमध्ये कर, आणि तो बाहेरून धर."

धरला. काच तळव्याला कोमट लागली. माझे दीड अंश तिथे होते, काचेत आणि काचेतून बाहेर हवेत.

"पूर्वी या प्रयोगाला थर्मास होता," मामा म्हणाले. "आतली काच फुटली. मी दोनदा अर्ज दिला, नवा आला नाय. तेव्हापासून बीकर. आकडे मात्र थर्मासचेच चाललेत."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"स्वतःचा आकडा घेऊन कोण आलंच नाय माझ्याकडे. एक तू निघालीस, ती थेट बोर्डावर गेलीस."

बीकरमधली उष्णता मी थर्मासमधल्या उष्णतेशी ताडून पाहिली होती आणि मधल्या फरकाला माणूस चिकटवला होता. बोर्डावरचं पत्रक उतरवलं, सगळ्यांसमोर माफी मागितली. घरी वडिलांनी ते पत्रक वाचलं आणि एवढंच विचारलं, "मामांचं म्हणणं कुठाय यात?"

फोटो मात्र फिरतोच आहे. या महिन्यात मामांचा करार पुढे वाढवायचा आहे, आणि ऑफिसातल्या क्लार्कने त्यांना मोबाईलवर तो दाखवून सांगितलं, "आधी याचं काय ते बघू." मी लेखी खुलासा घेऊन गेले. क्लार्क म्हणाला, "तुझं पत्रक सगळ्यांनी वाचलंय. हा कागद कोण वाचणार?"

म्हणून हे लिहिते आहे. तो फोटो तुम्हाला ज्या ग्रुपवर आला, त्याच ग्रुपवर, त्याच्याच खाली हे पान आज पाठवा. आणि माझ्यावर विश्वास नसेल, तो नसावाच, तर दोन कागदी कप घेऊन लॅबमध्ये या. बाटली मामा देतील. पारा तुम्ही वाचा.