बांधापलीकडची केळी

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो, तेव्हा काकू विहिरीच्या काठावर उभी होती, पण विहिरीत बघत नव्हती. तिची नजर बांधापलीकडे, शेजारच्या दामूअण्णांच्या केळीवर होती.

"आपली वांगी वाळली आणि त्यांची केळी बघ," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या बोअरनंच आपलं पाणी ओढलंय."

जमिनीखालचं कुणालाच दिसत नाही, म्हणून संशयाला तिथं हवं तितकं खोल जाता येतं. पाऊस दूरचा, शेजारी मात्र रोज समोर दिसतो. मीही त्या केळीकडे वाकड्या नजरेनं बघू लागलो.

संध्याकाळी अण्णाच बांधावर आले. "वहिनी, खरं सांगा, विहिरीतून माझ्या रानाखाली आडवं बोअर मारलंत का? माझी मोटर कालपासून नुसती हवा ओढतेय."

काकूनं त्यांना विहिरीपाशी नेऊन तळाचा चिखल दाखवला. अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले.

"मग गेलं कुठं?" ते पुटपुटले.

काकूनं घरातून टँकरचं पाणी तांब्यात भरून आणलं. अण्णांनी घोटभर घेतलं आणि तांब्यात निरखून बघत विचारलं, "वहिनी, हे कुठलं?"