वाढप पुरं होईपर्यंत

माझ्या लेकीनं स्वयंपाक करणारा नवरा शोधला, याचा खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. आमच्या घरात पुरुषांनी आजवर चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नाही. पण आनंद व्हायला आधी डोक्यावरचं ओझं उतरावं लागतं, आणि माझं ओझं म्हणजे माझे थोरले दीर.

त्यांना सगळं घर आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. फौजेतून सुभेदार होऊन परत आले, ऊस सांभाळला, माझ्या नवऱ्याला त्यांनीच शिकवलं. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे माझी लेक त्यांचीच. पोरीला ट्रॅक्टर चालवायला शिकवणारा माणूस हा. सांगलीच्या बाजूला आमच्या गावात कुणाकडं लग्नाची नाहीतर जत्रेची पंगत बसली की वाढप आबांच्या ताब्यात. हातात काठी नसते एवढंच, बाकी सगळी फौजच.

लेक साताऱ्यात एका कंपनीत नोकरीला. तिनं एका दिवाळीत ओट्याशी उभं राहून मला पोराबद्दल सांगितलं. मी म्हटलं, "मला सांगून काय उपयोग? आबांना सांग." ती सांगायला गेली आणि मी दाराआड उभी राहिले. हो, राहिले. आई आहे मी.

"काय करतंय पोरगं?" आबांनी विचारलं.

"शेफ आहे."

"म्हंजे?"

"स्वयंपाक करतो. मोठ्या हॉटेलात."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "आचारी हाय म्हन की." मग गाव विचारलं. माण तालुका, दहिवडीच्या पुढं. घरचं काय? आधी मेंढरं होती, आता थोडी शेती, थोड्या शेळ्या; वडील बरीच वर्षं मुंबईला होते. आमच्याकडं पाट वाहतात, त्यांच्याकडं आभाळाकडं बघत बसायचं. आणि माणसं आमच्यातली नव्हेत, हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. पण घरात ते सगळ्यांना ऐकू आलं.

लेक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबा नाही म्हणाले तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरंही करणार नाही. मला कुठं दाखवायला नेऊ नका." धमकी दिल्यासारखं बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती अगदी शांतपणे म्हणाली आणि ओट्यावरची भांडी आवरायला लागली.

पुढं कितीतरी दिवस आबा ऊस, पाणी, बाजार एवढंच बोलत राहिले. मग एकदा ताटावरून उठता उठता म्हणाले, "पोरगं बघतो. त्याच्या हातचं खातो. मग काय ते सांगतो." एवढं ऐकून पोरानं आम्हाला त्याच्या हॉटेलात जेवायला बोलावलं. त्याचे आईवडील माणातून तिथंच येणार होते. त्यांनाही मुलाचं हॉटेल पहिल्यांदाच बघायचं होतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. साताऱ्याच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला ते हॉटेल. हॉटेल कसलं, बाहेर पाटी दिसेना म्हणून आम्ही दोनदा पुढं जाऊन माघारी वळलो. आत गेलो तर भिंती मातीच्या रंगाच्या, गाणं इतकं हळू की बंद पडलंय असं वाटावं, आणि बोलणारा प्रत्येक जण कुजबुजत होता. माझे यजमान कानाशी येऊन म्हणाले, "दवाखान्यात आल्यागत वाटतंय गं." मी डोळे वटारले. आबा मात्र फेटा सावरून ताठ बसले.

पोराचे वडील सडसडीत, पांढरा सदरा, हात सारखे मांडीवर. आई काठपदराच्या लुगड्यात, डोक्यावरचा पदर ढळू न देता खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली. रामराम झाला. पोरगा आतून येऊन सगळ्यांच्या पाया पडला आणि पुन्हा आत पळाला. बोलणं ऊस, पाऊस, शेळ्यांचा भाव असं इकडून तिकडून चाललं. ज्या कामासाठी आलो ते सोडून सगळं.

मग पहिलं वाढलं गेलं. प्रत्येकापुढं परातीएवढी काळी प्लेट. तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सुपारीएवढी ज्वारीची वडी आणि तिच्यावर हिरव्या चटणीचा एक ठिपका. बाकी प्लेट रिकामी. वाढणाऱ्यानं त्यात काय काय आहे ते इंग्रजीत सांगितलं, पुन्हा मराठीत सांगितलं, वाकला आणि गेला.

आबांनी हात लावला नाही.

ते पाण्याचा घोट घेऊन निवांत बसले. आबांनी सुरुवात केल्याशिवाय आमच्यात कुणी घास उचलत नाही, त्यामुळं यजमानांनी नाही, मी नाही, लेकीनंही नाही. आणि पाव्हणे जेवल्याशिवाय पोराचे आईवडील कसे जेवणार? सात खुर्च्या त्या टेबलाला, एक पोराची म्हणून रिकामी, आणि आम्ही सगळे देवापुढं बसल्यासारखे हात जोडायचे तेवढे बाकी.

वाढणारा आला, प्लेटांकडं बघितलं आणि गेला. थोड्या वेळानं दुसरा आला. "सर, सगळं ठीक आहे ना?"

"झकास," आबा म्हणाले.

तोही गेला. स्वयंपाकघराच्या दाराला एक काचेची गोल खिडकी होती. तिच्यातून पोराचं तोंड दिसलं, आत गेलं, परत दिसलं.

आता आमच्याकडचं एक सांगते. सोयरिकीच्या बोलण्याला गेल्यावर पुढं ठेवलेल्या ताटाला हात लावला नाही, तर तोंडानं वेगळं काही सांगावं लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्यांनी पोह्यांच्या बश्या तशाच ठेवल्या होत्या. आईनं त्या आत नेल्या आणि पुन्हा त्या स्थळाचं नाव काढलं नाही. हे मला ठाऊक, तसं माणातल्या माणसांनाही ठाऊक. पोराच्या वडिलांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आईनं तर मान खाली घातली ती वर केलीच नाही.

आणि मला असा राग आला म्हणून सांगू! एवढ्या लांब यायचं, त्या माणसांना समोर बसवायचं आणि ताट नाकारायचं? घरी बसून नाही म्हणता येत नव्हतं? मी टेबलाखालून यजमानांच्या पायावर पाय दिला. "आवं, आबांना काहीतरी बोला की!"

"काय बोलू?"

"काय म्हंजे? पोरीचं तोंड बघा जरा!"

पोरीनं प्लेटकडं बघत ओठ घट्ट मिटले होते. लहानपणी पडली तरी रडायची नाही, असेच ओठ मिटायची. आबांना कधी उलट बोलले नाही मी, पण त्या दिवशी बोलणारच होते, तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात दार उघडून पोरगा बाहेर आला. पांढरा कोट, हात पुसून पुसून लाल झालेले. सरळ आबांच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"आबा, काही चुकलं असलं तर सांगा. आणि तुम्हाला नकोच असंल, तर तेही सांगा. मी राग मानणार न्हाई."

आबांनी वर बघितलं. "काय नको?"

"हे. ताट."

"आरं, पर वाढलंय कुठं अजून?" आबा खरोखरचे चकित झाले होते. "कोपऱ्यात चटणी ठिवून गेली माणसं, ती अजून येतेतच. भाजी यायची हाय, भाकरी यायची हाय, कालवण, भात. एवढी मोठी जागा ठिवलीय त्यासाठी. वाढप पुरं व्हायच्या आधी ताटात हात घालायचा असतो व्हय? मी तर म्हनतोय, तुमची वाढपी माणसं लय ढिली हायती!"

मग पोराच्या वडिलांच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "आवं सुभेदार, आमी म्हनलं तुमी ताट नाकारलं! माझा तर जीवच गेला हो!"

"नाकारतोय कशाला? नाकारायचं असतं तर डिझेल जाळून इथवर आलो असतो व्हय मी?"

आणि आम्ही सगळे हसलो. कुजबुजणारं ते अख्खं हॉटेल आमच्याकडं वळून बघायला लागलं, पण कोण पर्वा करतंय. लेक हसता हसता डोळे पुसत होती. मी आबांवर मनातल्या मनात केलेली सगळी आगपाखड गिळून टाकली. आबांना त्यातलं काही कळलं नाही, देवाचीच कृपा.

पोरानं वाकून समजावून सांगितलं की इथं एक संपलं की दुसरं येतं. आत ते आमच्या प्लेटा रिकाम्या व्हायची वाट बघत होते.

"म्हंजे आमी तुमची वाट बघतोय आणि तुमी आमची? आधी सांगायचं की गड्या!" आबांनी ती वडी उचलून तोंडात टाकली. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत राहिलो. चावलं, गिळलं, पाणी प्यायले. "बरी हाय. पर दाताला लागायच्या आत गेली."

मग एकामागून एक येत गेलं. सगळंच आवडलं असं म्हटलं तर खोटं होईल. ताकाचा नुसता फेस आला; यजमान म्हणाले, ताक कुणी पिऊन टाकलं? बिटाचं काहीतरी जांभळं होतं, ते मला बिलकूल गेलं नाही, पोराचं मन राखायला घोटाघोटानं गिळलं. वांगं मात्र धुरात असं काही मुरवलं होतं की मी आजवर केलेल्या सगळ्या भरतांची मला शरम वाटली. मध्येच लिंबाचा बर्फ आला, तर आबा शेवटचं गोड झालं, जेवण संपलं असं समजून हात धुवायला उठले. लेकीनं ओढून बसवलं. भाकरी आली ती पुरीएवढी. "ही काय भातुकलीतली हाय?" आबांनी विचारलं, आणि तशा पाच खाल्ल्या.

एका बुटक्या पेल्यातून कढत काहीतरी आलं. पोराच्या आईनं वास घेतला आणि पहिल्यांदाच बोलली, "आगं बया, माडगं!" हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, त्यांच्याकडं थंडीत करतात ती. आजूबाजूच्या टेबलांवरची इतकी देखणी मंडळी ते काचेच्या पेल्यातून पितात हे तिला खरं वाटेना. आबांनी पेला एका घोटात संपवला, आणखी मागितला, आणि तो संपवून तिला म्हणाले, "वैनी, हे तुमी शिकवलं काय त्याला?" ती लाजून म्हणाली, "न्हाई वो, मी निस्ती करायची. त्यो बघायचा."

मटण आलं तेव्हा आबा बोलायचे थांबले. आबा जेवताना बोलायचे थांबले की आमच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळतं. मी लेकीकडं बघितलं. तिनंही ते हेरलं होतं. पण अजून त्यांनी काही सांगितलेलं नव्हतं, आणि जेवण एक गोष्ट आणि पोरगी देणं दुसरी.

शेवटचं गोड झाल्यावर पोरगा परत बाहेर आला. कोटावर हळदीचा डाग पडला होता. आता उभा राहिला तो सरळ निकाल ऐकायलाच. त्याच्या वडिलांनी पुन्हा हात मांडीवर घेतले. लेक टेबलावरच्या रुमालाची घडी घालायची, मोडायची, घालायची.

आबांनी त्याला विचारलं, "तू जेवलास काय?"

"न्हाई आबा. तुमचं झालं की मग."

"आनि आमच्या आधी दुसऱ्यांचं, आनि आमच्या मागनं आनखी कुणाचं. मग तू कवा?"

"आमचं तसंच असतं. करणारा शेवटी खातो."

आबांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली. "बस."

"आबा, आत काम हाय..."

"बस म्हनतोय न्हवं?" आणि वाढणाऱ्याकडं वळून, पंगतीत सोडतात तशा मोठ्या आवाजात आबांनी हुकूम सोडला, "ओ, ह्यांचं ताट आणा. एकदम सगळं वाढून आणा, थोडंथोडं नको." मग आमच्याकडं बघत, जरा ओशाळून म्हणाले, "आमच्यात जावयाला आदी वाढत्यात. आज सगळं उलटंच झालं."

पोरगा खुर्चीत बसला का कोसळला, देव जाणे. लेक उठून आबांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, आणि आबा "ए, फेटा, फेटा" म्हणत राहिले. माझा जीव भांड्यात पडला. मी उठले. टेबलाला वळसा घालून त्या बाईंच्या खुर्चीपाशी गेले, मघापासून कडेला बसलेल्या त्यांना खांद्याला धरून नीट मागं टेकवलं आणि म्हटलं, "विहीणबाई, आता तरी आरामात बसा."